फुललेल्या बागांमागचे युद्ध

अद्भुतरम्य भूमिका-खेळ म्हणजे ज्यात खेळणारा एखाद्या पात्राची भूमिका स्वीकारतो, त्याच्या वतीने बोलतो, निर्णय घेतो आणि त्या निर्णयांचे परिणाम भोगतो असा व्हिडिओ गेम. अशा खेळाला पहिल्या तास-दोन तासांतच दोन कामे साधावी लागतात: एकीकडे खेळणाऱ्याच्या बोटांना तलवार, घोडा व जादू यांची सवय लावायची आणि दुसरीकडे, ज्या जगाचे राजे, देव व इतिहास त्याने कधी ऐकलेले नाहीत, त्या जगाविषयी त्याच्या मनात आस्था निर्माण करायची. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड या संस्थेने मे २०१५ मध्ये प्रकाशित केलेल्या 'द विचर ३: वाइल्ड हंट' या खेळाने ही दोन्ही कामे व्हाइट ऑर्चर्ड नावाच्या एका लहानशा खेड्यावर सोपवली आहेत, आणि त्या खेड्याची रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे.

या प्रकारच्या अनेक खेळांत खेळणारा नायकाचे नाव, वंश व चेहरा स्वतः ठरवतो. येथे मात्र नायक आधीच घडलेला आहे. गेराल्ट हा विचर, म्हणजे लहानपणीच औषधी द्रव्यांच्या जीवघेण्या प्रयोगांतून शरीर बदललेला आणि पैसे घेऊन राक्षसी प्राणी मारणारा व्यावसायिक, पोलिश लेखक आंद्झेय सापकोव्स्की यांच्या १९८६ साली 'फांतास्तिका' मासिकात प्रसिद्ध झालेल्या कथेतून आलेला आहे. त्याची ओळख खेळ वर्णनाने नव्हे, तर व्यवहाराने करून देतो. ग्रिफिन, म्हणजे गरुडाचे डोके व सिंहाचे धड असलेला पक्षीराक्षस, याच्या तावडीतून वाचलेला एक व्यापारी गेराल्टला मोबदला देऊ करतो आणि तो घ्यावा की नाकारावा हे खेळणाऱ्याने ठरवायचे असते. राक्षस मारणे हा येथे पोटापाण्याचा धंदा आहे, एवढे या छोट्याशा प्रसंगातून पुरेसे स्पष्ट होते.

परिसराचा पहिला ठसा याहून गुंतागुंतीचा आहे. नावाला साजेशी बहरलेली झाडे, पाणचक्की व गवती छपरांची घरे पाहून मन निवते न निवते तोच झाडाला टांगलेली प्रेते दिसतात आणि पुढे माळावर नुकत्याच झालेल्या लढाईतील मृतदेह पसरलेले आढळतात. हे खेडे ज्या तेमेरिया राज्यात आहे ते दक्षिणेकडील निल्फगार्ड साम्राज्याने जिंकले आहे. गावकरी साम्राज्याच्या सैनिकांना त्यांच्या चिलखतांवरून 'काळे' म्हणतात आणि खाणावळीच्या भिंतीवर जुन्या राजचिन्हाची ढाल ठेवावी की उतरवावी हा प्रश्नही जीवावर बेतू शकतो.

या पहिल्या भागातील सर्वांत सरस रचना ग्रिफिनच्या शोधाची आहे. जमिनीवरचे माग, रक्ताचे डाग व वास यांचा मागोवा घेण्याची विचरची विशेष शक्ती कशी वापरायची हे येथे शिकवले जाते, आणि तेच माग खेळणाऱ्याला जळालेल्या घरट्यापाशी व मादीच्या मृतदेहापाशी नेतात. निल्फगार्डच्या सैनिकांनी तिला मारल्यामुळे नर पिसाळलेला असतो. जो धडा यंत्राच्या कळा शिकवण्यासाठी आहे, त्याच धड्यातून सावजाविषयी करुणा उपजते, आणि शिकवणी व कथा यांचा असा मेळ क्वचितच आढळतो.

ग्रिफिनला मारण्याचे काम देणारा निल्फगार्डचा कप्तान प्रथम भेटतो तेव्हा एका शेतकऱ्याकडून धान्य मागत असतो, पण त्याची अडचण ऐकून मागणी कमी करतो आणि आपलेही हात शेतकऱ्याचेच आहेत असे सांगतो, त्यामुळे आक्रमकाविषयीचा पूर्वग्रह सैल होतो. ग्रिफिन मारून परतल्यावर मात्र कुजके धान्य आणल्याबद्दल तोच कप्तान त्याच शेतकऱ्याला फटक्यांची शिक्षा देतो. दोन्ही वेळा तो तितकाच शांत आहे, आणि भीती वाटते ती त्या शांतपणाचीच.

याच गावात लेना नावाची तरुणी ग्रिफिनच्या हल्ल्यात जखमी होऊन वैदू तोमिरा हिच्या झोपडीत मरणपंथाला लागलेली असते. विचरांसाठी बनवलेले औषध सामान्य माणसाला मारकही ठरू शकते हे माहीत असताना ते तिला द्यावे की तिला निवांत मरू द्यावे, हा निर्णय खेळणाऱ्यावर सोपवला जातो. औषध दिले तरी त्याचे फळ तेथे कळत नाही. बऱ्याच पुढे, गाव मागे पडल्यावर, निल्फगार्डच्या सैन्यतळावरील एक सैनिक गेराल्टला थांबवतो आणि आपली लेना जगली, पण तिची बुद्धी परतली नाही, असे सांगतो.