दामाजीपंतांची बाकी

२०१३ साली ‘द लास्ट ऑफ अस’ नावाचा व्हिडिओ गेम आला आणि त्याने जगभरच्या खेळणाऱ्यांना एका प्रश्नात अडकवून ठेवलं. बुरशीच्या साथीने अमेरिका उद्ध्वस्त झाली आहे. जोएल नावाचा चोरटी ने-आण करणारा माणूस एली या चौदा वर्षांच्या मुलीला बोस्टनपासून सॉल्ट लेक सिटीपर्यंत नेतो. एलीला त्या रोगाची बाधा होत नाही. तिच्या मेंदूवर शस्त्रक्रिया केली तर लस तयार होईल अशी डॉक्टरांना आशा आहे, पण त्यात तिचा जीव जाणार हे नक्की. स्वतःची मुलगी गमावून बसलेला जोएल रुग्णालयात घुसतो, आडवे येणाऱ्यांना ठार करतो, शस्त्रक्रियेच्या खोलीतल्या डॉक्टरलाही सोडत नाही. एली शुद्धीवर आल्यावर तिला तो खोटं सांगतो. हा नायक की खलनायक? भालकी, औराद, बसवकल्याण या बिदर जिल्ह्यातल्या मराठी बोलणाऱ्या मुलखातल्या पोरांच्या मोबाइलवर आज असे कितीतरी खेळ असतील. पण अशा माणसाचा न्याय कसा करायचा, याचं एक उत्तर त्यांच्या बिदरच्या नावाशी कित्येक पिढ्यांपासून जोडलेलं आहे, आणि ते मला गेमच्या चर्चेतल्या बहुतेक उत्तरांपेक्षा खोल वाटतं.

ते उत्तर म्हणजे दामाजीपंतांची कथा. दामाजीपंत मंगळवेढ्याला बिदरच्या बहमनी बादशहाचे अधिकारी होते. दुष्काळ पडला, माणसं अन्नावाचून मरू लागली, आणि त्यांनी वरचा हुकूम नसताना सरकारी धान्याची कोठारं लोकांसाठी उघडली. हाताखालच्या माणसाने बिदरला कळवलं. बादशहाने त्यांना पकडून आणायला शिपाई धाडले. ते वाटेत असतानाच विठू नावाचा एक महार बिदरच्या दरबारात हजर झाला, त्याने धान्याची पूर्ण किंमत मोजून दिली आणि रीतसर पावती घेतली. तो विठू म्हणजे पंढरपूरचा विठोबा, हे पुढे सगळ्यांना उमगलं. महिपतींनी १७६२ साली पूर्ण केलेल्या ‘भक्तविजया’त ही कथा आहे आणि कीर्तनांतून ती घरोघरी पोचली.

कथेच्या काळाबद्दल दोन मतं चालत आली आहेत. काही जण ती १३९६च्या सुमाराला सुरू झालेल्या दुर्गादेवीच्या दुष्काळाला जोडतात, तर काही १४६०च्या आसपासच्या दुष्काळाला, ज्याला दामाजीपंतांचंच नाव पडलं आहे. मला दुसरं मत अधिक पटतं. दुर्गादेवीच्या दुष्काळाच्या सुरुवातीला बहमनींची राजधानी गुलबर्गा, म्हणजे आजचं कलबुर्गी होतं. अहमदशहाने ती बिदरला नेली पंधराव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात. कथेतला दरबार मात्र बिदरचाच आहे. १४६० धरलं तर गादीवर हुमायूनशहा येतो, ज्याला फरिश्त्यासारख्या इतिहासकाराने ‘जालीम’ म्हणून रंगवलं. हारून खान शेरवानी यांच्यासारख्या अभ्यासकांना ते चित्र अतिरंजित वाटतं. तरीही अशी ख्याती मागे ठेवणाऱ्या राजाचं धान्य न विचारता वाटणं म्हणजे काय, हे दामाजींना कळत नसेल असं मानता येत नाही.

आता दामाजींवरचा आरोप नीट मांडला पाहिजे, कारण भक्तीच्या भरात तो नेहमी झाकला जातो. कोठारातलं धान्य त्यांचं नव्हतं. ते राखण्यासाठीच त्यांना नेमलं होतं. आज एखाद्या तहसीलदाराने सरकारी गोदामाचं कुलूप तोडलं तर त्याच्यावर गुन्हा नोंदवला जाईल, आणि ते चुकीचं आहे असं म्हणता येणार नाही. प्रत्येक अधिकारी आपल्या अंतःकरणाला साक्ष ठेवून कोठारं उघडू लागला तर उद्या एखादा दयेचं नाव पुढे करून आपल्या सोयऱ्यांना पोती वाटेल. शिवाय राजसत्ता दुष्काळात हात बांधूनच बसत होती असंही नाही. गुलबर्ग्याच्या दुसऱ्या मुहम्मदशहाने चौदाव्या शतकाच्या अखेरीच्या दुष्काळात गुजरात आणि माळव्यातून धान्य आणायला दहा हजार बैल लावले, असं फरिश्ता सांगतो. त्या मदतीत धर्म पाहिला गेला, असा आक्षेप काही इतिहासकारांनी घेतला आहे, पण वरून मदत येऊ शकत होती एवढं त्यातून दिसतंच. मग दामाजींनी परवानगी का मागितली नाही?

याचं एक उत्तर अंतरात आहे. मंगळवेढ्यापासून बिदर दोनशे किलोमीटरहून लांब. जासूद जायचा, अर्ज दरबारात पोचायचा, हुकूम परत यायचा. उपाशी माणसाकडे तेवढे दिवस नसतात. दुसरं उत्तर असं देतात की, ते धान्य मुळात शेतकऱ्यांच्याच खळ्यावरून आलेलं होतं, म्हणजे दामाजींनी लोकांचं लोकांना दिलं. हे ऐकायला गोड आहे, पण मला पुरेसं वाटत नाही. वसूल झालेलं धान्य सरकारजमा झालं की त्यावर इतर गावांचाही हक्क सांगता येतो. शेजारच्या परगण्यात त्याच वेळी माणसं मरत नसतील कशावरून?

खरं उत्तर कथेच्या शेवटात आहे, आणि माझा सगळा मुद्दा त्यावरच उभा आहे. ही कथा रचणाऱ्यांना दामाजींना निखळ नायक ठरवायचं असतं तर बादशहाला खलनायक करून मोकळं होता आलं असतं. विठोबाने शिपायांना आंधळं केलं, बेड्या गळून पडल्या, असा चमत्कार त्यांना सहज सुचला असता. पण इथे देव काय करतो? तो पैसे भरतो आणि पावती घेतो. म्हणजे धान्य वाटणं हे पुण्य होतं हे परंपरेला मान्य आहे, आणि खजिन्याचं देणं खरं होतं हेही मान्य आहे. पुण्याने बाकी फिटली, असं ती म्हणत नाही. शिवाय देव सावकाराच्या रूपात जात नाही, महाराच्या रूपात जातो. गावचा वसूल खजिन्यापर्यंत पोचवणं हे गावगाड्यात महारांच्याच वाट्याचं काम होतं. ज्या मंगळवेढ्यात १३३८ साली गावकुसाच्या कामावर भिंत कोसळून महार संत चोखोबा गेले, त्याच गावची बाकी देवाला महार होऊन वाहावी लागली, हे मला या कथेतलं सर्वांत धारदार वाक्य वाटतं.

यावर कोणी म्हणेल, ही तर पळवाट झाली. देवाने पैसे भरले म्हणून दामाजी सुटले, खऱ्या आयुष्यात असा विठू येत नाही. आक्षेप बरोबर आहे. पण कोठार उघडताना विठू येईल हे दामाजींना ठाऊक नव्हतं. त्यांनी आपलं डोकं गहाण टाकून ते केलं, दुसऱ्या कोणाचं नव्हे.

जोएलचं नेमकं उलट आहे. एलीला वाचवण्यासाठी त्याने जी किंमत दिली ती दुसऱ्यांच्या जिवांची होती, आणि ज्या मुलीसाठी दिली तिच्यापासूनच ती लपवली. डॉक्टरांनीही एलीला न विचारता तिचा बळी द्यायचं ठरवलं होतं, हा जोएलच्या बाजूचा मोठा मुद्दा आहे आणि मी तो हलका मानत नाही. तिला तिथून उचलणं मला समजतं. खोटं बोलणं मात्र समर्थनीय वाटत नाही. खुद्द गेम तयार करणाऱ्यांनाही हे देणं तसंच सोडता आलं नाही. २०२०च्या दुसऱ्या भागात त्या मारल्या गेलेल्या डॉक्टरची मुलगी ॲबी जोएलला शोधत येते आणि त्याचा जीव घेते.

अनेक गेममध्ये खेळणाऱ्याच्या कृत्यांचे गुण मोजणारा काटा असतो: चार चांगली कामं केली की एक वाईट काम वजा. हा हिशेब मला मुळातच चुकीचा वाटतो. चांगल्या कामाने वाईट काम पुसलं जात नाही, दोन्ही आपापल्या खात्यावर उभी राहतात. पाहायचं ते एवढंच की माणसाने जोखीम कोणाच्या अंगावर टाकली, आणि हिशेब उघडा ठेवला की लपवला.

दामाजींसारखा प्रसंग आपल्या काळातही आला: २००१ साली राजस्थानात दुष्काळ होता आणि सरकारी गोदामं धान्याने भरलेली होती. तेव्हा कोणा दामाजीला कुलूप तोडावं लागलं नाही. जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली, न्यायालयाने शाळांत शिजवलेलं जेवण देण्याचा आदेश दिला आणि पुढे २०१३ साली अन्नसुरक्षेचा कायदा झाला. असा कायदा १४६० साली नव्हता. म्हणून माझ्या लेखी दामाजीपंत नायक आहेत आणि बिदरच्या खजिन्याचे देणेकरीही आहेत. जोएल खलनायक नाही, पण त्याला नायक म्हणायला मी तयार नाही.