वाद्यांची तालीम आणि कानांची काळजी

पावसाळा सरून दिवाळी उरकली की वसईतील धर्मग्रामांच्या सभागृहांतून सायंकाळी ड्रमचे ठोके ऐकू येऊ लागतात. नाताळची गीते, युवक मंडळांचे संगीत कार्यक्रम, लग्नांच्या हंगामासाठी बँडपथकांची उजळणी असे सारे एकाच वेळी सुरू होते. हा नाद आम्हांला प्रिय आहे आणि त्याविषयी तक्रार करण्यासाठी हा लेख लिहीत नाही. तो निर्माण करणाऱ्यांच्या कानांविषयी मात्र थोडे सविस्तर लिहावेसे वाटते.

त्याला निमित्त घडले ते असे. काही दिवसांपूर्वी एका तालमीस आम्ही उपस्थित होतो. सभागृह लहान, वर पत्रा, खाली गुळगुळीत फरशी, खिडक्या शेजाऱ्यांसाठी बंद केलेल्या. ड्रम वाजविणारा मुलगा जेमतेम वीस वर्षांचा. तालीम संपल्यावर आम्ही त्याला नेहमीच्या आवाजात काही विचारले. त्याने दोनदा "काय म्हणालात फादर?" असे विचारले आणि मग हसून सांगितले, "प्रॅक्टिस झाली की कानात शिट्टी वाजते. सकाळपर्यंत जाते."

त्याचे ते हसणे आमच्या ओळखीचे होते. सेमिनरीत असताना आम्ही बँडमध्ये ट्रम्पेट वाजवीत असू. आमच्या डाव्या हाताला, दीड-दोन फुटांवर, झांजा वाजविणारा सहाध्यायी बसे. आमच्याही कानात शिट्टी वाजे, तीही सकाळपर्यंत जाई, आणि आम्हीही हसत असू. आज पन्नाशी ओलांडल्यावर आमच्या डाव्या कानाच्या श्रवणचाचणीच्या आलेखात 4000 हर्ट्झपाशी खोल खळगा दिसतो. एरवी त्याचे फारसे अडत नाही. अडते ते प्रायश्चित्त संस्काराच्या वेळी. डाव्या जाळीपाशी कोणी कुजबुजत्या स्वरात बोलू लागले की आवाज येतो, शब्द येत नाहीत. "जरा मोठ्याने बोला" असे तेथे म्हणता येत नाही, कारण मागे रांग उभी असते. म्हणून गेली काही वर्षे आम्ही केवळ उजव्या बाजूच्या जाळीपाशी ऐकतो. डावी जाळी बंद का, असे लोक विचारतात. त्याचे खरे उत्तर आज प्रथमच देत आहोत.

शब्द का हरवतात हे समजण्यासाठी कानाची रचना थोडी पाहावी लागेल. आपल्या अंतर्कर्णात गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली एक नलिका असते. तीत प्रत्येक कानात सुमारे पंधरा हजार केशपेशी असतात. ध्वनीच्या लहरींनी त्यांचे सूक्ष्म केस डोलतात आणि त्या डोलण्याचे रूपांतर मज्जातंतूंतील संदेशात होते. अतितीव्र ध्वनीने या पेशी प्रथम थकतात, मग मरतात. पक्ष्यांमध्ये त्या पुन्हा उगवतात, मनुष्यात उगवत नाहीत. बहुधा 3000 ते 6000 हर्ट्झच्या पट्ट्यातील पेशी सर्वांत आधी जातात. स, श, फ, थ यांसारख्या व्यंजनांची ओळख वरच्या पट्टीतील ध्वनींवर बरीचशी अवलंबून असते. स्वर खालच्या पट्टीतले, म्हणून ते ऐकू येत राहतात. माणूस म्हणतो, "मला ऐकू येते, पण लोकच नीट बोलत नाहीत."

सकाळपर्यंत शिट्टी गेली म्हणजे कान बरा झाला, असे पूर्वी डॉक्टरही मानीत. 2009 साली अमेरिकेत शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांवरील प्रयोगांत दाखविले की गोंगाटानंतर श्रवणाची पातळी पूर्ववत झाली तरी केशपेशी आणि मज्जातंतू यांना जोडणारे कित्येक दुवे कायमचे तुटलेले असतात. मनुष्यात हे नेमके किती प्रमाणात घडते यावर संशोधन चालू आहे. तरीही शिट्टी हा कानाने दिलेला इशाराच मानला पाहिजे.

आता थोडा हिशेब. ध्वनीची तीव्रता डेसिबलमध्ये मोजतात आणि हे माप फसवे आहे. तीन डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. दहा वाढले की ती दहापट होते, परंतु आपल्या कानाला आवाज केवळ दुपटीने वाढल्यासारखा वाटतो. म्हणजे धोका किती वाढला हे कान स्वतः सांगत नाही. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्यसंस्था नायोश हिच्या शिफारशीनुसार 85 डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास ऐकण्याची मर्यादा आहे. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो: 88 ला चार तास, 94 ला एक तास, 100 ला अवघी पंधरा मिनिटे. बंदिस्त सभागृहात ड्रम, ट्रम्पेट आणि विजेवरील गिटार एकत्र वाजू लागले की वादकाच्या कानापाशी 100 डेसिबल सहज गाठले जातात. दोन तासांची तालीम म्हणजे पंधरा मिनिटांच्या आठपट, अर्थात एका संध्याकाळी आठ दिवसांची मात्रा.

म्हणूनच आमचे मत असे की वादकाला कार्यक्रमापेक्षा तालमीचे भय अधिक आहे. कार्यक्रम वर्षातून चार-दोन, तालमी आठवड्यातून दोन-तीन. कार्यक्रम बहुधा मैदानात असतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे सहा डेसिबलने घटतो. बंद खोलीत तो भिंतींवर आपटून परत येतो आणि दूर सरकूनही फारसा फरक पडत नाही. शिवाय तालमीत एकच कडवे वीस वेळा वाजते आणि मधे टाळ्यांची विश्रांतीही नसते.

याचे एक ठळक उदाहरण लंडनचे आहे. तेथील रॉयल ऑपेरा हाउसमध्ये 2012 साली वाग्नरच्या 'दि वाल्क्यूर' या संगीतिकेची तालीम चालू होती. ख्रिस गोल्डशायडर हे व्हायोला वादक पितळी वाद्यांच्या ताफ्यासमोर बसले होते. त्या तालमीत त्यांच्या कानांना जी इजा झाली तिने त्यांचा व्यवसायच संपला. 2018 साली तेथील उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला आणि 2019 साली अपील न्यायालयानेही मूळ निष्कर्ष कायम ठेवला. संगीत ही कला असली तरी वादकाच्या कानांचे रक्षण हे कारखान्यातील कामगाराच्या कानांइतकेच संस्थेचे कर्तव्य आहे, असा त्याचा अर्थ. आमच्या धर्मग्रामांत वादक पगारी नसतात, ती आपलीच मुले असतात. यावरून जबाबदारी कमी होते की वाढते, हे वाचकांनीच ठरवावे.

उपायांपैकी पहिला अर्थात इअरप्लग. कापसाचे बोळे घालून निभावेल अशी समजूत आपल्याकडे आहे. कापसाने आवाज फारच थोडा अडतो. औषधांच्या दुकानात मिळणारे फोमचे इअरप्लग स्वस्त आणि परिणामकारक असतात, मात्र ते नीट घालावे लागतात. स्वच्छ हातांनी बोटांत वळून त्यांची बारीक वात करावी. उजव्या कानात घालताना डावा हात डोक्यावरून नेऊन उजवा कान वर व मागे ओढावा, म्हणजे कर्णमार्ग सरळ होतो. मग वात आत सरकवून ती फुगेपर्यंत, साधारण अर्धा मिनिट, बोटाने धरून ठेवावी. नंतर दोन्ही तळहात कानांवर दाबून पाहावेत. बाहेरचा आवाज एकदम कमी झाल्यास प्लग नीट बसलेला नाही.

फोमविरुद्ध वादकांची तक्रार खरी आहे. तो वरच्या पट्टीतील ध्वनी अधिक अडवितो, त्यामुळे संगीत उशीखालून आल्यासारखे वाटते. त्यासाठी वादकांचे खास इअरप्लग मिळतात. त्यांतील गाळणी सर्व पट्ट्यांचा आवाज जवळजवळ सारखाच उतरवते, म्हणून संगीताचा समतोल टिकतो. हे थोडे महाग असतात, पण धुऊन पुन्हा वापरता येतात. वरील हिशेबात ते घालून पाहा: 100 डेसिबलमधून 15 वजा झाले तर उरतात 85, आणि दोन तासांची तालीम दिवसाच्या मात्रेच्या चौथ्या हिश्श्यात बसते. गायकांची अडचण निराळी असते. कान बंद केला की स्वतःचाच आवाज डोक्यात घुमतो. प्लग पुरेसा आत गेला की हे घुमणे बरेच कमी होते. सवय व्हायला मात्र काही तालमी द्याव्या लागतात.

दुसरा उपाय खोलीचा. गाद्या, सतरंज्या, जाड पडदे हे धर्मग्रामात कोठे ना कोठे पडून असतात. ते भिंतींवर टांगावेत, फरशीवर अंथरावेत. गिटारचा अॅम्प्लिफायर जमिनीवर असतो, आवाज वादकाच्या गुडघ्यांवर जातो, म्हणून तो आवाज वाढवितो. अॅम्प्लिफायर स्टुलावर ठेवून कानाच्या दिशेने तिरका केला की वादक आपणहून आवाज कमी करतो. गायकवृंदाला पितळी वाद्यांच्या तोंडासमोर उभे करू नये. ड्रमवादकाला तालमीपुरत्या हलक्या काड्यांच्या जुड्या द्याव्यात. दर अर्ध्या तासाने दहा मिनिटे बाहेर, शांततेत यावे.

सर्वांत कठीण भाग मात्र स्वभावाचा आहे. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवितो, हे फ्रेंच कर्णवैद्य एत्येन लोंबार यांनी 1911 साली नोंदविले. वाद्यांचेही तसेच होते. ड्रम वाढला की गिटार वाढते, गिटार वाढले की गायक मायक्रोफोनचा आवाज वाढवायला सांगतो, आणि त्यात ड्रमवादकाला स्वतःचे ऐकू येईनासे होते. हे चक्र थांबविण्याचे काम संचालकाचे. प्रत्येक तालमीत पहिले गीत मुद्दाम हळू वाजवून घेतल्यास पुष्कळ फरक पडतो, असे आम्ही पाहिले आहे.

श्रोत्यांसाठी थोडेच सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 साली संगीताच्या कार्यक्रमांसाठी जाहीर केलेल्या मानकात पंधरा मिनिटांची सरासरी 100 डेसिबलपेक्षा अधिक नसावी, श्रोत्यांना इअरप्लग मिळावेत आणि विसाव्यासाठी शांत जागा असावी असे म्हटले आहे. आपल्याकडील 2000 सालचे ध्वनिप्रदूषण नियम आवाज मोजतात तो जागेच्या हद्दीवर. ते शेजाऱ्यासाठी आहेत. ध्वनिवर्धकाला पाठ टेकून उभ्या राहिलेल्या मुलाचा त्यांत विचार नाही. तो आपण करावा. लहान मुलांना प्लगपेक्षा बाहेरून कान झाकणारे इअरमफ बरे. जानेवारी 2025 मध्ये नवी मुंबईत कोल्डप्लेच्या कार्यक्रमांना आपल्याकडील पुष्कळ तरुण गेले. त्या समूहाचे गायक ख्रिस मार्टिन यांना कित्येक वर्षांपासून कर्णनादाचा त्रास आहे, आणि कुमारवयात मोठ्या आवाजात संगीत ऐकल्याने तो जडल्याचे त्यांनी स्वतः सांगितले आहे. गायिका अलका याज्ञिक यांनी जून 2024 मध्ये आपली श्रवणशक्ती विषाणूसंसर्गानंतर अचानक गेल्याचे जाहीर केले. कारण निराळे होते. तरीही त्याच निवेदनात त्यांनी तरुणांना मोठ्या आवाजातील संगीत आणि हेडफोन यांविषयी सावध केले.

कानातील शिट्टी दोन दिवसांनंतरही राहिली, किंवा कान बधिर वाटत राहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी जावे. त्यावरील उपचारांचा उपयोग पहिल्या काही दिवसांतच अधिक होतो आणि "मळ असेल" म्हणून तेल घालीत बसण्यात ते दिवस निघून जातात.

ज्या मुलापासून हा लेख सुरू झाला त्याची श्रवणचाचणी गेल्या आठवड्यात झाली. आलेखात 4000 हर्ट्झपाशी लहानसा खळगा आहे, उथळ आहे. आम्ही त्याला आमचा आलेख शेजारी ठेवून दाखविला. तो बराच वेळ दोन्ही कागद पाहत राहिला. आता त्याच्या ड्रमच्या काड्यांच्या पिशवीत इअरप्लगची डबी असते आणि सभागृहाच्या भिंतीवर दोन जुन्या सतरंज्या लागल्या आहेत. गिटारवादकाने अद्याप प्लग घातलेले नाहीत.