'बोफिन' पाणबुडीच्या नोंदीत न मावलेली मुले

पर्ल हार्बरवरील हल्ल्याला बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी, ७ डिसेंबर १९४२ रोजी, अमेरिकेच्या पोर्ट्समथ नौदल गोदीत 'बोफिन' ही पाणबुडी पाण्यात उतरली. या तारखेमुळे तिला 'पर्ल हार्बरचा सूड घेणारी' हे टोपणनाव चिकटले. लांबी सुमारे ९५ मीटर, आत ऐंशीच्या आसपास माणसे आणि २४ टॉर्पेडो. १९४३ ते १९४५ या काळात तिने प्रशांत महासागरात नऊ मोहिमा केल्या. नोव्हेंबर १९४३ मधली दुसरी मोहीम इंडोचायनाच्या किनाऱ्याजवळची. तिच्यासाठी पाणबुडीला राष्ट्राध्यक्षांच्या नावाचे सन्मानपत्र मिळाले. युद्धानंतर अमेरिकेच्याच समितीने जपानी नुकसानीची मोजणी केली, तेव्हा 'बोफिन'च्या नावावर १६ जहाजे आणि जवळपास ६८ हजार टन असा हिशोब लागला.

त्या १६ जहाजांपैकी एका जहाजाविषयी आम्ही लिहीत आहोत.

जहाजाचे नाव 'त्सुशिमा मारू'. १९१४ साली स्कॉटलंडमध्ये बांधलेले, सुमारे ६,७५० टनांचे जुने मालवाहू जहाज. जुलै १९४४ मध्ये सायपान बेट अमेरिकेच्या हाती गेले आणि पुढचा हल्ला ओकिनावावर होणार हे जपानी सरकारला दिसू लागले. ओकिनावातील एक लाख लोकांना, त्यातही मुले, स्त्रिया आणि वृद्धांना, जपानच्या मुख्य बेटांवर आणि तैवानमध्ये हलवायचे ठरले. यात लोकांचा जीव वाचवण्याचा हेतू होता, तसाच सैन्याला लागणारे धान्य खाणारी तोंडे कमी करण्याचाही होता. शाळांमार्फत मुलांची नावे गोळा झाली. घरोघर जाऊन पालकांची समजूत काढण्याचे काम शिक्षकांकडे आले.

ओकिनावाचे लोक म्हणजे जुन्या र्‍युक्यू राज्याची प्रजा. जपानने हे राज्य १८७९ मध्ये संपवून आपल्यात सामील केले. शाळेत मातृभाषेतून बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात शिक्षा म्हणून लाकडी पाटी अडकवत. गळ्यात काही अडकवण्याचा अर्थ आमच्या वाचकांना वेगळा समजावून सांगायला नको.

२१ ऑगस्ट १९४४ रोजी 'त्सुशिमा मारू' नाहा बंदरातून निघाले. ताफ्यात एकूण तीन वाहतूक जहाजे आणि सोबत दोन युद्धनौका. मुलांना मालाच्या कोठारात फळ्या टाकून झोपवले होते. २२ तारखेच्या रात्री दहाच्या सुमारास, अकुसेकी बेटाजवळ, 'बोफिन'चे टॉर्पेडो लागले. जहाज दहा-अकरा मिनिटांत बुडाले. खालच्या कोठारातली बरीच मुले वर येऊच शकली नाहीत. वादळ जवळ येत होते. आपल्यावरही हल्ला होईल या भीतीने ताफ्यातली उरलेली जहाजे थांबली नाहीत. आज नावानिशी नोंद असलेले मृत १,४८४ आहेत. त्यांत ७८४ शाळकरी मुले.

'बोफिन'च्या खलाशांना हे ठाऊक होते का? नव्हते. जहाजावर मुले असल्याची कोणतीही खूण नव्हती. सोबत युद्धनौका होत्या, आणि याच जहाजाने थोड्याच दिवसांपूर्वी ओकिनावात सैनिक उतरवले होते. रात्री रडारवर ठिपका दिसतो, त्यात कोण झोपले आहे ते दिसत नाही. बुडाली ती मुलेच होती हे खलाशांना युद्ध संपून अनेक वर्षांनी कळले.

पण एवढ्यावर विषय संपवणे आम्हाला मान्य नाही. ठिपका पाहून प्रश्न न विचारता टॉर्पेडो सोडायचा, हा निर्णय त्या रात्रीचा नव्हता. १९३६ च्या लंडन करारानुसार व्यापारी जहाज बुडवण्याआधी त्यावरील माणसांना सुरक्षित जागी पोहोचवणे पाणबुडीवर बंधनकारक होते. अमेरिकेने पर्ल हार्बरच्या दिवशीच निर्बंधमुक्त पाणबुडी युद्धाचा आदेश काढून हा नियम बाजूला ठेवला. जर्मनीने तर तो आधीच मोडला होता. न्युरेंबर्गच्या खटल्यात जर्मन नौदलप्रमुख ड्योनिट्झच्या वकिलाने अमेरिकेच्या ॲडमिरल निमित्झकडून लेखी जबाब मिळवला. आम्हीही पहिल्या दिवसापासून असेच लढलो, असा त्याचा आशय. त्यामुळे पाणबुडी युद्धाचे नियम मोडल्याबद्दल न्यायालयाने ड्योनिट्झच्या शिक्षेत भर घातली नाही.

आता दुसरी बाजू. बातमी फुटू नये म्हणून जपानी अधिकाऱ्यांनी वाचलेल्यांची तोंडे बंद केली. काय घडले ते कुणालाही सांगायचे नाही, असा हुकूम होता. मुलांची पत्रे येईनात, तेव्हा गावांत कुजबुज सुरू झाली. पालकांनी शिक्षकांना विचारायचे आणि शिक्षकांनी गप्प बसायचे, असे चालले. नऊ वर्षांची ताइरा केइको तराफ्याला धरून सहा दिवस समुद्रात तरंगली आणि वाचली. तिच्यासोबत निघालेली चुलत बहीण बुडाली. घरी परतल्यावर त्या बहिणीच्या आईने तिला विचारले, तू आलीस, माझ्या मुलीला समुद्रातच ठेवून आलीस का? ताइराबाई पुढे शिक्षिका झाल्या आणि २०२३ मध्ये निधन होईपर्यंत शाळाशाळांतून हे सांगत राहिल्या.

हेही नोंदवले पाहिजे, की याच योजनेत हजारो लोक सुखरूप पोहोचले. जे मागे राहिले त्यांच्यातले असंख्य लोक १९४५ च्या ओकिनावा लढाईत मेले. म्हणजे मुलांना पाठवणारे आईवडील चुकले, असे कुणी म्हणू नये. त्यांना निवड करायची होती आणि निवडीसाठी लागणारी माहिती त्यांच्यापासून लपवली गेली.

'बोफिन' पुढे कोरियन युद्धाच्या काळात पुन्हा सेवेत आली, नंतर सिॲटलमध्ये प्रशिक्षणासाठी वापरली गेली आणि १९८१ पासून पर्ल हार्बरला संग्रहालय म्हणून उभी आहे. पर्यटक तिच्या पोटात उतरून टॉर्पेडोच्या नळ्या पाहतात. याच सहाव्या मोहिमेतली, त्सुशिमा मारूच्या काही दिवस आधीची, आणखी एक गोष्ट तिच्याविषयी हमखास सांगितली जाते. मिनामी दाइतो बेटाच्या धक्क्यावर सोडलेल्या टॉर्पेडोने जहाजासोबत तिथली एक बसही उडवली. ऐकणारे हसतात. तेही बेट ओकिनावाचेच.

'त्सुशिमा मारू'चे अवशेष डिसेंबर १९९७ मध्ये समुद्राच्या तळाशी, सुमारे ८७० मीटर खोलीवर सापडले. जहाज वर काढता आले नाही. २२ ऑगस्ट २००४ रोजी, साठ वर्षांनी, नाहामध्ये त्सुशिमा मारू स्मृती संग्रहालय उघडले. तिथे भिंतींवर मुलांचे फोटो लावले आहेत.