साडेबारा टक्के

वाशी-पनवेल परिसरातील मालमत्तेची कागदपत्रे कर्जासाठी बँकेत येत, तेव्हा 'साडेबारा टक्के योजना' हे शब्द वारंवार दिसत. बहुतेक ग्राहकांना ती भूखंडाची एक जात वाटे. वस्तुतः त्यामागे जासईचे सुपुत्र, पनवेलचे वकील दि. बा. पाटील यांचा लढा आहे.

१९७० मध्ये सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांची भातशेती आणि मिठागरे नव्या शहरासाठी घेतली गेली. मोबदला तुटपुंजा होता. जानेवारी १९८४ मध्ये जासई-नवघर परिसरातील आंदोलनावर गोळीबार होऊन पाच शेतकरी हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकास परत देण्याची तरतूद त्यातूनच पुढे आली. नेतृत्वाने शहराचा नकाशा बदलला तो असा.

मशीद बंदरच्या दाटीतून धान्य-मसाल्याचा व्यापार वाशीत आला, तेव्हा आपल्याही अनेक पेढ्या खाडी ओलांडून आल्या. मालट्रक सहज वळतील असे रुंद रस्ते आपण कौतुकाने पाहिले. जमीन कोणाची होती, हे क्वचितच विचारले. वाढत्या कुटुंबासाठी गावठाणालगत त्याच भूमिपुत्रांनी बांधलेली घरे मात्र दीर्घकाळ कागदोपत्री अनधिकृत राहिली.