चित्र का अडखळते?

दमणगंगेच्या परिसरात तारप्याचा सूर उठला की त्याभोवती नर्तकांचे रिंगण फिरू लागते. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाची पाने यांपासून घडविलेले हे वाद्य वाजविणाऱ्याने सूर बदलला, म्हणजे रिंगणाची पावलेही बदलतात. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीज अंमलातून मुक्त झाले. त्या दिवसाच्या स्मरणार्थ होणाऱ्या एखाद्या समारंभात हे नृत्य चार कॅमेऱ्यांनी टिपले, असे समजू या. एक कॅमेरा वादकावर, दुसरा पावलांवर, तिसरा सबंध रिंगणावर आणि चौथा प्रेक्षकांवर. रंगात आलेले रिंगण थांबवून, तोच क्षण पुन्हा करून दाखवा, असे कोणी म्हणू शकत नाही. जे टिपले गेले त्यातूनच चित्रपट्टी साकारावयाची असते.

हे काम संगणकावर बसलेल्या संकलकाचे. त्याच्या पडद्यावर चारही चित्रे एकाच वेळी चालतात आणि ती पाहता पाहता तो कळ दाबून एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर जातो. अशा वेळी चित्र अडखळले किंवा आवाजाच्या मागे राहिले, तर त्याने नेमक्या क्षणी कळ दाबूनही तोड भलत्याच ठिकाणी पडते. सूर बदलतो, परंतु पावले बदललेली दिसत नाहीत. म्हणजे येथे विलंब ही केवळ गैरसोय नसते; त्यामुळे निर्णयच चुकतो.

पुष्कळांची समजूत अशी की, नवा संगणक घेतला म्हणजे हे दुखणे जाईल. पण औषधाआधी निदान हवे. प्रथम एकच चित्र चालवून पाहावे, मग दोन, मग चार. एकच चित्रही अडखळत असेल, तर दोष बहुधा त्या चित्राच्या मुद्रणपद्धतीत असतो. एक सुरळीत चालते आणि चार अडखळतात, तेव्हा एकूण भार झेपत नाही असे समजावे. चित्र सुरळीत, पण आवाज जुळत नाही, हा तिसराच प्रकार होय.

मुद्रणपद्धतीचे मर्म दुकानाच्या कीर्दीवरून ध्यानात येईल. जागा वाचविण्यासाठी बहुतेक कॅमेरे प्रत्येक चौकट पूर्ण साठवीत नाहीत. मधूनमधून एक पूर्ण चौकट आणि तिच्यापुढे केवळ झालेले फरक, अशी नोंद ते करतात. जिथे फक्त जमा-खर्च लिहिला आहे, तिथली शिल्लक काढावयाची तर मागच्या बेरजेपासून हिशेब करीत यावे लागते. संगणकालाही तसेच करावे लागते. आणि चार कॅमेरे म्हणजे एकाच वेळी चार वह्यांचा हिशेब.

यावर उत्तम उपाय म्हणजे प्रॉक्सी, अर्थात मूळ चित्राची हलकी प्रत. प्रोरेझ प्रॉक्सीसारख्या पद्धतीत प्रत्येक चौकट स्वतंत्र असते. त्यामुळे मागचा हिशेब करावा लागत नाही. हलक्या प्रतीवर संकलन करावे आणि अंतिम चित्रपट्टी मूळ प्रतीवरून काढावी. मात्र प्रॉक्सीची लांबी व चौकटींचा वेग मुळाबरहुकूम असला पाहिजे. रंगसुधारणा आणि इतर सजावट तोडी पूर्ण झाल्यावरच करावी.

आता भाराचा विचार. प्रत्येक कॅमेऱ्याचे चित्र सेकंदाला १०० मेगाबिट असेल, तर चारांचे ४०० मेगाबिट, म्हणजेच ५० मेगाबाइट होतात. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला हा आकडा फार मोठा नाही. पण चार ठिकाणांहून आळीपाळीने वाचताना तिची सुई सतत इकडून तिकडे धावते आणि वेग घटतो. फिरता भाग नसलेल्या एसएसडीवर चित्रे ठेवली, तर ही धावपळ टळते.

आवाजाच्या दोषाचे मूळ अनेकदा चित्रीकरणातच असते. कॅमेरा सेकंदाला २५ चौकटी घेतो, तर मोबाइलचा वेग पुष्कळदा ३० च्या आसपास कमीजास्त होत राहतो. असे चित्र आधी स्थिर वेगात रूपांतरित करून मगच इतरांत मिसळावे. दुसरी गोष्ट अंतराची. सेकंदाला २५ चौकटी म्हणजे एका चौकटीला ४० मिलिसेकंद. तेवढ्या वेळात ध्वनी सुमारे १४ मीटर जातो. म्हणून वादकापासून २८ मीटरवरच्या कॅमेऱ्यात सूर दोन चौकटी उशिरा पोहोचतो. केवळ आवाजावरून चित्रे जुळविली, तर तेवढी चूक राहून जाते. आरंभी व अखेरीस सर्व कॅमेऱ्यांना दिसेल अशी टाळी वाजविली, तर जुळणी तपासता येते. आणि बिनतारी ब्लूटूथ हेडफोन मुळातच आवाज उशिरा पोहोचवितो. म्हणून एकदा तारेचा हेडफोन लावून पाहावे. तेवढ्याने तक्रार मिटली, तर चित्रपट्टीत दोष नव्हताच.

हे सारे करताना एक पथ्य कटाक्षाने पाळावे. मूळ प्रतींना हात लावू नये आणि त्यांची आणखी एक प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी. हलकी प्रत बिघडली तर पुन्हा करता येते; संगणक बदलता येतो. तारप्यात फुंकलेला त्या दिवसाचा श्वास मात्र पुन्हा टिपता येत नाही.