घाट, भार आणि उतार : अवजड ट्रेलरांच्या प्रवासाचे गणित

दिल्लीतील करोल बाग हा भाग दोन गोष्टींसाठी विशेष प्रसिद्ध आहे. एक म्हणजे दागिन्यांची बाजारपेठ आणि दुसरी म्हणजे नाईवाला परिसरातील वाहनांच्या सुट्या भागांची दुकाने. दर उन्हाळ्यात लडाखकडे निघणारे मोटारसायकलस्वार येथेच आपल्या गाड्या सज्ज करून घेतात. दागिन्यांच्या बाजारपेठेमागे सोने-चांदी शुद्ध करणारे गलाई कारागीर असतात. त्यांत सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी या भागांतून पिढ्यान्‌पिढ्या देशभर पांगलेली मराठी कुटुंबेही आहेत. त्यांना गावाकडे नेणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ दिल्लीहूनच सुरू होतो आणि जयपूर, अहमदाबाद, मुंबई, पुणे, सातारा, कोल्हापूर असा थेट चेन्नईपर्यंत जातो. उत्तरेला हिमालय आणि दक्षिणेला सह्याद्री. कोणतीही वाट धरली तरी पुढे घाट आहेच. त्या घाटात मोटारसायकल किंवा मोटारगाडी सहज पुढे निघून जाते. परंतु तिच्या शेजारून चाळीस-पन्नास टनांचा भार ओढत मुंगीच्या गतीने चढणारा ट्रेलर कोणते गणित सोडवीत असतो, याची कल्पना फारच थोड्या प्रवाशांना असते.

सपाट रस्त्यावर ४० टनांचे वाहन चालते ठेवण्यासाठी टायरांच्या घर्षणावर मात करावी लागते. त्यासाठी साधारणपणे ३०० किलो वजनाइतकी ओढ पुरते. तोच रस्ता विसास एक या प्रमाणात चढू लागला, म्हणजे २० मीटर पुढे जाताना १ मीटर उंची गाठू लागला, की वाहनाच्या वजनाचा विसावा हिस्सा, म्हणजे पूर्ण २ टन, त्याला मागे खेचू लागतो. एकूण ओढ एकदम सात-आठ पटींनी वाढते. अशा चढावर ताशी २० किलोमीटर वेग राखायचा असेल, तर चाकांपाशी सुमारे १७० अश्वशक्ती पोहोचावी लागते. वेग दुप्पट हवा असेल तर शक्तीही दुप्पट. घाटात ट्रेलर सावकाश चालतो तो चालकाच्या आळसामुळे नव्हे.

चढावर इंजिनाच्या शक्तीइतकीच महत्त्वाची असते ती चाकांची पकड. ट्रेलर ओढणाऱ्या पुढील वाहनाला चालकवर्गात ‘घोडा’ म्हणतात. या घोड्याच्या मागील चाकांवर पुरेसे वजन नसेल, तर कितीही शक्तिमान इंजिन असले तरी चाके जागच्या जागी फिरू लागतात. म्हणून ट्रेलरवर माल कोठे ठेवला आहे याला फार महत्त्व असते. सर्व भार मागे सरकलेला असला की घोड्याची पकड सैल होते आणि पावसाळ्यात ओल्या वळणावर गाडी अडते. फारच मोठा भार असेल, तर एक घोडा पुढून ओढतो आणि दुसरा मागून रेटतो. ही युक्ती नवी नाही. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली तेव्हापासून तेथील चढ ३७ फुटांस १ फूट असा आहे, आणि कर्जतहून लोणावळ्याकडे चढणाऱ्या गाड्यांना मागून रेटणारी जादा इंजिने, म्हणजे ‘बँकर’, लावण्याची पद्धत रूढ झाली. (या बँकरचा बँकेशी काहीही संबंध नाही, हे येथे सांगितलेले बरे.) पोलादी रुळावर पोलादी चाकाची पकड कमी असल्यामुळे रेल्वेला एवढाच चढ कठीण वाटतो; रबरी टायर त्याहून पुष्कळ तीव्र चढ चढू शकतो.

अवजड वाहतुकीचे एक अलीकडचे उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. तिरुअनंतपुरम येथील विक्रम साराभाई अवकाश केंद्रासाठी सुमारे ७० टनांचे एक प्रचंड यंत्र जुलै २०१९ मध्ये महाराष्ट्रातून ७४ चाकांच्या ट्रेलरवर निघाले. ते जुलै २०२० मध्ये, म्हणजे तब्बल एक वर्षाने, मुक्कामी पोहोचले. वाटेत करोनाच्या टाळेबंदीचीही भर पडली. चाकांची संख्या पाहून आश्चर्य वाटते. परंतु प्रत्येक चाकावरील भार जितका कमी तितका रस्ता आणि पूल सुरक्षित, एवढाच त्यामागील हिशेब आहे. अशा ट्रेलरांच्या मागील आसांची चाकेही वळविता येतात. साध्या ट्रेलरची मागील चाके वळणावर पुढील चाकांच्या मागोमाग न जाता आतल्या बाजूने रस्ता कापतात. म्हणूनच चालक वळण घेण्यापूर्वी गाडी बाहेरच्या बाजूला काढतो. ती मोकळी झालेली आतली जागा पाहून कोणी दुचाकीस्वार तेथे घुसला, तर तो चालकाला आरशात दिसेलच असे नाही.

चढ हा श्रमाचा विषय आहे. उतार हा प्राणाचा. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना वाहन सुमारे ५०० मीटर खाली येते. ४० टनांच्या ट्रेलरने चढताना कमावलेली सर्व ऊर्जा या उतारावर कोठेतरी खर्ची घालावी लागते. टायरांचा आणि हवेचा विरोध तिचा लहानसा हिस्सा शोषतो. उरलेल्या उष्णतेत सुमारे ५०० लिटर पाणी उकळू शकेल. चालकाने केवळ पायातील ब्रेकवर भरवसा ठेवला, तर ही सारी उष्णता ब्रेकच्या ड्रमांत आणि लायनरमध्ये साठते. तापलेला ड्रम प्रसरण पावून लायनरपासून दूर सरकतो आणि लायनरचे घर्षणही घटते. चालक पाय अधिक जोराने दाबतो, उष्णता आणखी वाढते आणि अखेरीस ब्रेक दाबूनही गाडी थांबत नाही. ‘ब्रेक फेल झाला’ असे आपण वृत्तपत्रात वाचतो, तेव्हा अनेकदा काहीही तुटलेले नसते. ब्रेक तापून निकामी झालेले असतात, आणि थंड झाल्यावर तेच ब्रेक तपासणीत निर्दोष ठरू शकतात!

यावरचा उपाय जुन्या चालकांना चांगला ठाऊक आहे : ज्या गिअरमध्ये घाट चढावा, त्याच गिअरमध्ये तो उतरावा. खालच्या गिअरमध्ये चाकेच इंजिनाला फिरवितात आणि इंजिन गाडीला आवरून धरते. त्याच्या जोडीला एक्झॉस्ट ब्रेक असतो. तो इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूची वाट अडवून हा अटकाव वाढवितो. काही वाहनांत रिटार्डर नावाची यंत्रणाही असते. त्यामुळे पायातील ब्रेक अधूनमधून आणि थोड्या वेळासाठीच वापरावा लागतो. गिअर मात्र उतार सुरू होण्यापूर्वी निवडावा लागतो. वेग वाढल्यावर खालचा गिअर पडत नाही आणि गाडी न्यूट्रलमध्येच अडकून राहण्याचा धोका असतो.

तरीही डिझेल वाचविण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची, क्वचित इंजिनच बंद करण्याची सवय सुटलेली नाही. २० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्यातील नवले पुलाजवळ एका ट्रकने एकामागून एक ४८ वाहनांना धडक दिली. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून या पुलापर्यंत रस्ता सलग उतरत येतो. प्राथमिक तपासात, चालकाने उतारावर इंजिन बंद ठेवले होते असे सांगण्यात आले. इंजिन बंद केले की पॉवर स्टिअरिंगचे साहाय्य जाते आणि ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसरही थांबतो. विशेष म्हणजे ही बचत बहुतांशी भ्रामक आहे. इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या आधुनिक इंजिनांत, गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की डिझेलचा पुरवठा आपोआप बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन सुरू ठेवण्यासाठी डिझेल जळतच राहते. म्हणजे धोका पत्करून इंधनही अधिकच खर्च होते.

उतारावर ट्रेलरची आणखी एक खोड असते. घोड्याचे ब्रेक आधी आणि ट्रेलरचे उशिरा किंवा कमी लागले, तर मागचा भार पुढच्या वाहनाला ढकलतो आणि जोडणीपाशी गाडी चाकूसारखी दुमडते. निघण्यापूर्वी ट्रेलरच्या हवेच्या नळ्या आणि ब्रेक वेगळे तपासायचे ते यासाठीच.

हिमालयात या सर्वांत विरळ हवेची भर पडते. ५,००० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा उरतो. टर्बोचार्जर नसलेल्या इंजिनाची शक्ती त्या प्रमाणात घटते. टर्बोचार्जर असल्यास ती तूट बरीच भरून निघते. मनाली-लेह मार्गावरील गाटा लूप्सची २१ वळणे लांब वाहनांची कसोटी पाहतात. ऑक्टोबर २०२० मध्ये खुला झालेला ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा रोहतांगची चढण टाळतो, परंतु पुढील बारालाचा आणि तांगलांग या खिंडी ओलांडाव्याच लागतात. हिवाळ्यात तेथे डिझेलच गोठू लागते. म्हणून २०१९ साली इंडियन ऑइलने उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे डिझेल लडाखसाठी उपलब्ध करून दिले.

वाहनकर्ज घेतलेल्या ग्राहकांच्या दृष्टीने यातील भाराचा मुद्दा अधिक निकडीचा आहे. २०१८ च्या सुधारित नियमांनुसार ट्रेलरजोडणीचे एकूण वजन, आसांच्या संख्येप्रमाणे, कमाल ५५ टनांपर्यंत असू शकते. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यानुसार जादा भारासाठी २०,००० रुपये आणि त्यावर प्रत्येक जादा टनास २,००० रुपये दंड आहे. शिवाय जादा माल उतरवून घेण्याचा खर्चही आहेच. म्हणजे ५ टन जादा माल भरल्यास दंड ३०,००० रुपयांवर जातो. अपघात झाल्यास विम्याचा दावाही अडचणीत येऊ शकतो, आणि कर्जाचा हप्ता मात्र गाडी गॅरेजमध्ये उभी असली तरी ठरलेल्या तारखेला भरावाच लागतो.