शुगर जास्त आहे म्हणून कॅन्सरची तपासणी लांबवू नका

‘आधी शुगर ताब्यात येऊ द्या, कॅन्सरची तपासणी मग पाहू,’ असं मधुमेह असलेल्या पुष्कळ घरांत ठरतं. शुगर वर्षानुवर्षं ताब्यात येत नाही आणि तपासणी राहून जाते. वास्तविक शुगरसाठी थांबायचं कारणच नाही. तिशी ओलांडलेल्यांसाठी सरकारी कार्यक्रमात मधुमेह व रक्तदाबाबरोबर तोंडाच्या कॅन्सरची, आणि स्त्रियांसाठी स्तन व गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचीही तपासणी आहे. तोंडाची तपासणी म्हणजे चांगल्या उजेडात गाल, जीभ, हिरड्या बारकाईनं पाहणं. गर्भाशयमुखाला सौम्य अ‍ॅसिटिक आम्ल लावून मिनिटभरानं पांढरा डाग उठतो का ते बघतात. उपाशी राहायला नको, भूल नको. शुगर 300 असली तरी हे करता येतं. साखरेची अट असते ती पेट स्कॅनला आणि ठरवून करायच्या मोठ्या ऑपरेशनला.

उलट ज्यांची शुगर सतत चढलेली, त्यांनाच ही तपासणी जास्त गरजेची, कारण त्यांच्यात कॅन्सरची लक्षणं शुगरच्या नावावर खपून जातात. वजन उतरलं, शुगरमुळे. थकवा, शुगरमुळे. अंगावरून पांढरं जातं, तेही शुगरमुळे. बरेचदा ते खरंही असतं, म्हणून तर धोका. पन्नाशीनंतर अचानक मधुमेह निघाला आणि वजनही घटू लागलं, तर क्वचित मूळ स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये असतं. पाळी गेल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला, थेंबभर का असेना, तर ते शुगरवर ढकलू नये.

मधुमेह म्हणजे कॅन्सर होणारच, असंही नाही. अमेरिकेतल्या मधुमेह व कॅन्सर संस्थांच्या 2010च्या संयुक्त अहवालानुसार टाइप 2 मधुमेहात यकृत, स्वादुपिंड व गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका साधारण दुप्पट, तर मोठं आतडं, स्तन व मूत्राशयाचा थोडा वाढलेला दिसतो. मधुमेह आणि हे कॅन्सर, दोन्हींच्या मुळाशी बरेचदा लठ्ठपणा असतो. तोंडाच्या कॅन्सरचं मुख्य कारण मात्र आपल्याकडे तंबाखू आणि खर्राच. इन्सुलिननं कॅन्सर होतो म्हणून सुई बंद करणाऱ्यांना सांगावंसं वाटतं: 12 हजारांवर लोकांना सहा वर्षं पाहिलेल्या, 2012 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ग्लार्जिन इन्सुलिन घेणाऱ्यांमध्ये कॅन्सर वाढला नाही.

‘काही त्रास नाही, मग कशाला?’ याचं उत्तर महाराष्ट्रातच मिळालं आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 1999पासून 30 ते 59 वयाच्या सुमारे 1 लाख 30 हजार स्त्रियांचा अभ्यास झाला. एचपीव्ही विषाणूची तपासणी एकदाच केलेल्या गटात आठ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं झालेले मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्मेच होते.

कारंजा लाडमध्ये शुगरच्या गोळ्या घ्यायला उपजिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात जाल, तेव्हा तोंड तपासायला सांगा. बायकांनी उरलेल्या दोन तपासण्यांचंही विचारावं. आशाताई फॉर्म भरायला घरी आल्या तर खर्रा, तोंडातली जखम, स्तनातली गाठ, काहीही लपवू नका.